चावी द्या, ताई

"क्लच सावकाश सोडा, ताई," असं सांगता सांगता मास्तर मधेच गप्प झाले. ताईंनी क्लच सोडला आणि गाडी आज गचका न खाता अलगद पुढे सरकली. शाबासकीच्या आशेनं त्यांनी शेजारी पाहिलं. सकाळच्या गारव्यातही मास्तरांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

सव्वीस वर्षं मास्तर शिकाऊ लोकांशेजारी बसत आले होते, पाय कायम जादाच्या ब्रेकवर. कुणी भिंतीवर नेलं, कुणी ट्रकसमोर, पण त्यांचा आवाज कधी चढला नाही. घराला आग लागली तरी हे 'सावकाश' म्हणतील, असं त्यांची बायको म्हणायची. ताई कपडे शिवायच्या, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला आल्या होत्या.

पित्त झालंय, मास्तर म्हणाले. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, जबडाही ठणकतोय. पण काल जेवायला उशीर झाला, दुसरं काही नाही.

तीन वर्षांपूर्वी ताईंचा नवरा असाच दाढ दुखते म्हणत, घाम पुसत, दुपारी जरा पडला होता. चहा घेऊन त्या उठवायला गेल्या, तोवर सगळं संपलं होतं. छातीत दाब, जबडा नाहीतर हात-पाठ दुखणं, दम, घाम, मळमळ, ही लक्षणं डॉक्टरांनी त्यांना नंतर समजावली. ती त्यांनी तोंडपाठ केली, कुणाच्या उपयोगाची उरली नव्हती तरी.

त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली.

"चावी द्या, ताई. मी चालवत घरी जातो. अर्ध्या तासाचं काम."

"नाही देणार."

"गाडी माझी आहे!" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांचा आवाज चढला.

"गाडी तुमचीच आहे, मास्तर. चावी माझ्याकडे राहील."

एका हातानं त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या माणसानं पत्ता विचारला, दुखणं कधी सुरू झालं ते विचारलं. ॲस्पिरिन चालते का, कुठे रक्तस्राव वगैरे झालाय का, हेही विचारलं आणि एक गोळी चावून खायला द्या म्हणाला. नेमका तेव्हाच टायरवाला दुकानासमोर गाडी लावली म्हणून भांडायला आला. ताईंनी त्यालाच औषधाच्या दुकानाकडे पिटाळलं. तो भांडण अर्धवट टाकून धावला आणि धापा टाकत गोळी घेऊन आला. ताईंनी ती मास्तरांना चावायला लावली, त्यांच्या सदऱ्याची वरची बटणं सोडली, त्यांना टेकवून बसवलं आणि उठू दिलं नाही. ते धुसफुसत राहिले. हळूहळू धुसफूसही थांबली. अकरा मिनिटांनी सायरन ऐकू आला.

दोन चौक ओलांडले आणि रुग्णवाहिकेत मास्तरांचं हृदय थांबलं. यंत्राच्या पहिल्या झटक्यानं ते पुन्हा सुरू झालं.

मास्तरांची बायको इस्पितळात पोचली ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. रुग्णवाहिकेतल्या परिचारकानं तिला बसवून शांतपणे सांगितलं, की स्वतः चालवत निघाले असते, तर त्या वेळी ते भर चौकात स्टिअरिंगवर असते आणि झटका द्यायला जवळ कुणी नसतं. ताईंना तेव्हा कुठे कळलं, आपली मूठ अजून मिटलेलीच आहे. उघडली, तर तळव्यावर चावीचे दाते उमटले होते. त्यांनी चावी मास्तरांच्या बायकोच्या हातात ठेवली, आणि दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या, रडायला लागल्या.

नवव्या दिवशी मास्तर घरी आले. हृदयाचा एक कोपरा कायमचा दुबळा झाला होता; शिकवायला पुन्हा कधी जाता येईल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. शेजारी दारादारांत उभे होते. पहिल्या वळणावर मास्तरांचा श्वास अडखळला, तसं बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"थांबा हो जरा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मला दम लागलाय."

कठड्यावर हात ठेवून मास्तर तिच्यासाठी थांबले.