येतो रे

पावणेपाच वाजले तरी धैर्यशीलचा पत्ता नव्हता, आणि ‘दाब’ला साडेपाचला स्टेजवर जायचं होतं.

बँडचं हे नाव मैत्रेयीने ठेवलं होतं. ती विद्यापीठात पॉलिमरवर संशोधन करायची आणि कीबोर्ड वाजवायची. गिटारवर निशिकांत, ड्रम्सवर राजस आणि गायला धैर्यशील. चार वर्षांपूर्वी सिंगापूरमधल्या तिच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये दाराच्या फटींत टॉवेल कोंबून त्यांनी सुरुवात केली. शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर ते तासावर मिळणाऱ्या स्टुडिओत गेले. लिटिल इंडियातल्या एका दिवाळीत त्यांनी जेवणाच्या रांगेसमोर वाजवलं होतं. ताटं हातात धरून लोक गोंधळून बघत राहिले. पुढे मराठीचा गंध नसलेली माणसंच त्यांना ऐकायला यायला लागली. गाणं कुजबुजीने सुरू व्हायचं, सहा मिनिटं इंचाइंचाने चढायचं, आता फुटणार म्हणेपर्यंत सगळी वाद्यं बंद. आठ मात्रा शांतता. मग धैर्यशील उजवा पाय फळीवर आपटायचा, आणि सगळं एकदम अंगावर कोसळायचं.

आज तिसऱ्या रांगेत दोन माणसं बसणार होती. पाच शहरांच्या दौऱ्यासाठी ती एक बँड निवडणार होती. अशी संधी चार वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

चार वाजता स्टेज सांभाळणाऱ्या बाईने आठच्या बँडशी वेळ बदलून घ्यायची तयारी दाखवली होती. मैत्रेयीनेच नको म्हणून सांगितलं. राजसला तीन वाजता धैर्यशीलचा मेसेज आला होता आणि त्याने तो तिला लगेच कळवला होता: ही इज कमिंग. आता आठवाल्यांनी दुसऱ्या कुणाशी तरी अदलाबदल केली होती. साडेपाचला तयार नसाल तर पुढच्यांना सोडीन, असं ती बाई दोनदा बजावून गेली.

“रिलॅक्स लाह, मैत्रेयीताई,” राजस म्हणाला. “एमआरटी ट्रेन अडकली असेल.”

राजस चार वर्षांचा असताना आईबाबांबरोबर सेम्बावांगला आला, तो तिथेच वाढला. त्याला मराठी कळायचं सगळं. बोलायचा मात्र निम्मंच.

निशिकांतने पुन्हा फोन लावला. बंद. मैत्रेयी उठून राजससमोर उभी राहिली. प्रयोगशाळेत दुसऱ्याने तोंडी सांगितलेला आकडा ती कधी वहीत उतरवत नसे. आज कसा उतरवला?

“त्याने नक्की काय लिहिलंय? मला दाखव.”

राजसने फोन पुढे केला. रोमन अक्षरांत एकच ओळ होती: येतो रे राजस. मैत्रेयीला सांग.

तिने ती ओळ दोनदा वाचली. तिच्या घरी आजवर दारातून बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हटलं नव्हतं. राजसच्या घरी ‘ओके, बाय’ म्हणत असणार.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. मागच्या आठवड्यात धैर्यशील आपला राइस कुकर तिच्याकडे आणून ठेवून गेला होता. महिनाभर ऑफिसबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. ऑक्टोबरमध्ये समुद्रापलीकडच्या वणव्यांतून आलेल्या धुराने घसा बसलाय असं सांगून तीन आठवडे प्रॅक्टिसला तो तिच्याकडूनच आपल्या ओळी गाऊन घेत होता. धूर कधीच निवळला होता.

निशिकांतला तिने बाजूला घेऊन विचारलं. त्याने मान खाली घातली. धैर्यशीलची नोकरी गेली होती, हे त्याला माहीत होतं. नोकरीचा पास रद्द झाल्यावर देश सोडायला मिळणारे तीस दिवस आज संपत होते. पण मुदतवाढ मिळाली, असं धैर्यशीलने त्याला सांगितलं होतं.

“मला वाटलं, मिळाली असेल.”

“त्याचं विमान सुटलंय, निशिकांत.”

“राजसला सांगायचं?”

तिने राजसकडे पाहिलं. तो मांडीवर काठ्यांनी ताल धरत होता, मजेत. आपण काय चुकलो हे आत्ता कळलं असतं, तर त्याच्या हातांचं काही खरं नव्हतं.

“आत्ता नको.”

राजसला तिने एवढंच सांगितलं की आपण सुरू करतोय आणि गाणार ती आहे.

पहिल्या गाण्यात तिचा आवाज दोनदा चिरकला. धैर्यशीलच्या आवाजात शब्द न कळताही माणूस खुर्चीत सावरून बसायचा. तिचा आवाज पातळ होता, सरळ रेषेसारखा. दुसऱ्या गाण्यात तिने त्याच्यासारखं गायचा प्रयत्न सोडून दिला. तिसऱ्या रांगेतल्या एकाने फोन बाजूला ठेवला.

शेवटचं गाणं चढत गेलं. गिटार, ड्रम्स, तिची ताणलेली ओळ. आणि सगळं बंद.

एक, दोन, तीन. राजस काठ्या उचलून बाजूच्या दाराकडे बघत होता. पाच. सहा. प्रॅक्टिसला ओळी ती गायची, पण पाय धैर्यशीलच आपटायचा. हे या क्षणापर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठ. नऊ. प्रेक्षकांत कुणी खोकलं नाही. अकराव्या मात्रेला राजसने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तिने पाय आपटला. पायात कॅन्व्हासचे बूट होते, आवाज असा झालाच नाही. पण राजसने पाय पाहिला, आणि दोन्ही काठ्या खाली आणल्या.

नंतर तिसऱ्या रांगेतला माणूस मागच्या खोलीत आला. ती लांबलेली शांतता दौऱ्यावरही तेवढीच ठेवाल का, एवढंच त्याने विचारलं आणि फॉर्म देऊन गेला.

मैत्रेयीने राजसला समोर बसवून तो मेसेज समजावून सांगितला. त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

“म्हणजे ही सेड गुडबाय. टू मी.” मग म्हणाला, “ताई, जातानाही येतो म्हणायचं, तर माणूस खरंच चाललाय हे कळायचं कसं?”

“तो राइस कुकर आणून देतो,” मैत्रेयी म्हणाली.

निशिकांत हसला. तिने फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि गाणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.