हाशानच्या पोटातली करवंटी

फळं तोडायची आकडी मोडली आणि रमोनाचं नशीब फुटलं. आकडी करतात मेलेल्या हाशान निवडुंगाच्या आतल्या लाकडी फासळीची, आणि फळांच्या हंगामात पडायच्या त्या तळाजवळ मेलेला हाशान एकच, ओहळाकाठचा. सहा पुरुष उंचीचा तो निवडुंग कोसळून सडत पडला होता. सालीतून काळं चिकट पाणी गळत होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. वास तर मेलेल्या घुशीचा.

“मावशी, तू बस सावलीत. मी आणते फासळी,” रमोना घाईने म्हणाली.

“तू? पोरांची लंगोटी बदलताना ओकायचीस तू!” डेल्फिनामावशी हसली. “चल, दोघी जाऊ. आपलाच माणूस तो. वास येतो म्हणून टाकायचा का?”

त्यांच्या लोकांत हाशान म्हणजे माणूसच. पहिल्या दहा वर्षांत जेमतेम बोटभर वाढतो, पाऊणशे वर्षांनी त्याला पहिला हात फुटतो. याला तो कोंब फुटला त्याच वर्षी कुणीतरी कोंबाखाली चाकू खुपसला आणि कोंब वाळून गेला. मावशीने पोटच्या पोरावर, क्लेमेंटवर, आळ घेतला आणि त्याला तळावरून हाकललं. तीस वर्षं झाली, तो फळं तोडायला आला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! चाकू खुपसला होता रमोनाने, चौदाव्या वर्षी, पातं किती आत जातं ते बघायला. पातं आतच मोडलं. तिच्या बापाचं नाव कोरलेलं पातं.

तिने नाक दाबून लगद्यात हात घातला. कोपरापर्यंत गिळगिळीत. अळी मनगटावर चढली, तशी ती भडाभडा ओकली.

मावशी मात्र दोन्ही हातांनी घाण उपसत होती, कणीक मळावी तशी.

“हे बघ,” ती म्हणाली. हातात करवंटीसारखं टणक काहीतरी होतं. “जखमेभोवती हा असं कवच बांधतो. बाकी सगळं सडतं, हे नाही.”

तिने ते दगडावर फोडलं. पातं निघालं. मावशीने अंगठ्याने गंज खरवडला आणि अक्षरं वाचली.

“मावशी, मी लहान होते गं...” रमोनाने तिचा हात धरला.

मावशी शहारली. तिने हात सोडवून घेतला. कोपरापर्यंतच्या अळ्या तशाच ठेवून, रमोनाची बोटं लागली होती तेवढंच मनगट ती वाळूने घासत राहिली.