शेपूची वेळ

अख्खी गल्ली आपली घड्याळं घड्याळजीच्या दुकानात बघून लावायची. त्याने सांगितलेली वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फक्त घरामागचा शेपू त्याला जुमानत नव्हता. बियांच्या पाकिटावर जो महिना छापलेला असे, त्याच्या एक तारखेला सकाळी बरोब्बर सात वाजता घड्याळजी सगळं पाकीट एका दमात पेरून टाकायचा. रोपं वीतभर होतात न होतात तोच फुलावर यायची. वर पिवळे तुरे आणि पानांच्या नावाने शंख. अशी चार वर्षं गेली.

आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे तो कंपाउंडर! दवाखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा, चहासुद्धा करपवणारा माणूस. पण शेपू असा हिरवागार, की बघणाऱ्याने बघतच राहावं. आठवड्याला एक जुडी भिंतीवरून यायची. घड्याळजीची बायको ती नाकाशी धरून डोळे मिटायची. "काय वास आहे हो!"

हे वाक्य घड्याळजीला हवं होतं. आपल्या शेपूसाठी, तिच्या तोंडून, एकदा तरी. ती बटाट्यावर चिरून घालायची तो कंपाउंडरचा शेपू, आणि घड्याळजी ताटात त्याचं पान न् पान बाजूला काढायचा.

"पचत नाही मला," तो म्हणायचा. पचत नव्हतं हे खरंच होतं.

शेपूपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण बायको रोज सकाळी भिंतीशी जायची आणि दोघं बोलत उभी राहायची. घड्याळजी खिडकीशी चहा घेऊन बसायचा आणि मनगटाकडे बघायचा. सात-दहा ते सात-एकवीस. अकरा मिनिटं! लग्नाला एकतीस वर्षं झाली, आपल्याशी ही सलग अकरा मिनिटं शेवटची कधी बोलली, ते त्याला काही केल्या आठवेना. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तर तो डोळ्याला लावायचं भिंग चढवून पलीकडच्या वाफ्यात डोकावला. दिसलं काय? गांडूळ.

पुढच्या पेरणीचा महिना तोंडावर आला, तसा कंपाउंडरच दुकानात उगवला. घड्याळ मागे पडत होतं. घड्याळजीने ते उघडलं, फुंकर मारली, आणि मान वर न करता एकदाचं विचारून टाकलं, "शेपू कधी पेरता हो तुम्ही?"

कंपाउंडर खो खो हसला. "मला काय विचारता राव? घरातच तर आहेत की तुमच्या! वहिनी भिंतीवरून वाकून माती चाचपतात आणि म्हणतात, थांबा, अजून गरम आहे. मग एक दिवस म्हणतात, आज. की मी चिमूटभर टाकतो. पंधरा दिवसांनी आणखी चिमूटभर. उपटून दुसरीकडे लावायचं नाही, त्याला खपत नाही म्हणे. आमची ही गेली तेव्हा वाफा वाळून चालला होता. मी वहिनींना विचारत गेलो, त्या सांगत गेल्या."

घड्याळजीला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. त्या घड्याळाचा स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तो बायकोवर उखडला. "त्याला सांगतेस, मग मला का नाही सांगितलंस?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी आले होते की सांगायला, पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, पाकिटावर छापलंय, तुला काय कळतं?"

त्याला ते अक्षरन् अक्षर आठवलं. तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सात-दहाला तीही भिंतीशी आणि तोही. बायकोने पलीकडच्या मातीत बोटं खुपसली. "भाऊजी, तुमचा आज टाका." मग अलीकडे वाकली. "आपला अजून आठ दिवस नाही."

कंपाउंडरला आज आणि आपल्याला आठ दिवसांनी! पाकिटाचा विषय घड्याळजीच्या जिभेवर आला होता, तो त्याने गिळला.

"का गं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे चमकून पाहिलं. आधी चाचरत, मग हात नाचवत ती सांगू लागली. आपल्या बाजूची भिंत दुपारभर कशी तापते, रात्रीसुद्धा माती कशी निवत नाही, उकाड्यात रोप घाबरून फुलावर कसं येतं, बी मातीने नुसतं झाकायचं, पुरायचं नाही, आणि हे सगळं तिला आईने कसं हात धरून शिकवलं. कंपाउंडर मध्येच काहीतरी बोलू गेला, तर घड्याळजीने त्याला हातानेच गप्प केलं.

ती आत गेल्यावर त्याने मनगट वर केलं. सात-पंचवीस. म्हणजे पंधरा मिनिटं.

"कंपाउंडर," तो भिंतीवरून ओरडला, "तुमच्यापेक्षा चार जास्त!"