बैठकराव उभे राहतात

बैठकराव शेवटी खुर्च्यांच्या दुकानाचे विक्रीप्रमुख झाले, टाळ्या वाजल्या, दारावर पाटी लावलेली केबिनही मिळाली. पण हे अजून घडलेलं नाही, तेव्हा अभिनंदनाची घाई कुणी करू नये. या क्षणी बैठकराव कारखान्याच्या मागच्या खोलीत एका आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत, आणि त्याचा त्यांना पगार मिळतो.

कारखान्यात ते तपासनीस होते. नवा नमुना तयार झाला की सुतार तो त्यांच्यापुढे आणून ठेवायचा आणि बैठकराव त्यात बसायचे. ते आपणहून उठले, तर खुर्ची नापास. मग खिशातला खडू काढून तिच्या पाठीवर फुली मारायचे. हाक मारल्यावर उठले, तर पास. गदागदा हलवून उठवावं लागलं, तर खुर्ची थेट पहिल्या दर्जात. ही पद्धत थोरल्या मालकांनी घालून दिली होती आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. जावई काय करतात असं कुणी विचारलंच, तर सासरेबुवा "बैठं काम आहे" एवढं सांगून विषय बदलायचे.

थोरले मालक गेले, त्यांच्या जागी त्यांच्या कन्या, धाकट्या ताई आल्या, आणि ताईंच्या पाठोपाठ यंत्र आलं. एक लोखंडी दांडा, त्याच्या खाली चामडं चढवलेलं गोल बूड. ते खुर्चीवर आदळायचं, वर जायचं, पुन्हा आदळायचं. न थकता, न घोरता. बैठकरावांनी पहिल्या दर्जात घातलेल्या दोन खुर्च्यांचे पाय त्यानं आल्या आल्या मोडून दाखवले. बैठकराव प्रामाणिक माणूस. यंत्र आपल्यापेक्षा चांगलं बसतं, हे त्यांनी सुताराजवळ कबूल केलं. त्याला बूड आहे पण डोकं नाही, असं सुतार त्यांच्या समाधानासाठी म्हणाला, आणि मग डोक्याची इथे गरज कधी पडली होती हे आठवत बसला.

ताईंनी त्यांना बोलावून घेतलं. लहानपणापासून त्या बैठकरावांना झोपलेलंच बघत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना जागं बघून त्या जरा अवघडल्या.

"काका, मागे आता काम नाही. पुढे दुकानात विकायला उभे राहाल? महिनाभर बघू. जमलं तर उत्तम, नाहीतर मग घरी."

घरी. बैठकरावांची बायको शाळेत कवायतीची शिक्षिका होती. घरी बसलेल्या माणसाचं ती काय करते, हे त्यांनी मेहुण्याच्या बाबतीत पाहिलं होतं. मेहुणा हल्ली रोज सकाळी शाळेच्या मैदानाला चकरा मारतो. पण खरी धास्ती निराळीच होती. आपल्यातून बसणं वजा केलं तर खाली बाकी काय उरते, हे त्यांनी कधी करून पाहिलेलं नव्हतं.

बायकोनं प्रकरण हातात घेतलं. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, टीव्ही उभ्यानं. बैठकराव हळूच टेकले की शिट्टी वाजायची.

"पाय जुळवा. पोट आत. आणि अहो, ती भिंत सोडा, ती काय तुमची आत्या लागते?"

दुकानात पहिल्याच दिवशी एक गृहस्थ आले, एका खुर्चीत बसले, खूश झाले आणि ही घेतो म्हणत आपणहून उठले. आपणहून उठले म्हटल्यावर बैठकरावांचा हात सवयीनं खिशात गेला. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर फुली मारली आणि गंभीरपणे "नापास" म्हणाले. खुर्ची नापास की मी, असं गृहस्थांनी विचारलं. बैठकरावांनी क्षणभर विचार करून दोघंही, असं खरं ते सांगितलं. गृहस्थ गेले. ताईंनी खडू जप्त केला आणि पुन्हा असं झालं तर महिन्याची वाट बघणार नाही, असं बजावलं.

त्या रात्री बैठकरावांनी उभ्याउभ्या विचार केला. माणसानं बदलायचं तर जुन्यातलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे आधी ठरवलं पाहिजे. त्यांनी बोलणं टाकायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी एक वकिलीणबाई आल्या. एका आरामखुर्चीवर बोट ठेवून, कशी आहे हो ही, म्हणाल्या. बैठकराव बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्चीकडे पाहिलं. सकाळपासून पोटऱ्यांना गोळे आले होते, टाचा ठणकत होत्या, आणि समोर ती, हात पसरून. त्यांचे डोळे भरून आले. वकिलीणबाईंनी जन्मात कुणाला कशाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच.

"तुम्ही बसलाय कधी हिच्यात?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"एकदा," बैठकराव म्हणाले. "हलवून उठवावं लागलं."

बाईंनी दोन घेतल्या.

मग गर्दी लोटली. माणसं खुर्च्या बघायला येत आणि बैठकरावांना खुर्च्यांकडे बघताना बघून विकत घेऊन जात. एकदा ताईंना दया आली, त्यांनी काकांना दुपारभर बसू दिलं. त्या दुपारी साधं स्टूलही खपलं नाही. तृप्त माणसाकडे बघून कुणाला काय घ्यावंसं वाटणार? तेव्हापासून काकांनी कामावर बसायचं नाही, असा नियमच झाला. बढती मिळाली, टाळ्या वाजल्या. केबिनमध्ये टेबल आहे, पंखा आहे, फोन आहे. खुर्ची सोडून सगळं आहे. बायकोनं मेहुण्याला मुद्दाम बोलावून नवरा उभा दाखवला.

बैठकरावांनाही मनातून बरं वाटलं. बसणं वजा जाऊनही बाकी बरीच उरली होती, आणि ती विकली जात होती. फक्त दुपारी सगळं शांत झालं की मागच्या खोलीतून यंत्राचा धप्प, धप्प असा आवाज येतो, आणि मग त्यांचं कामात लक्ष लागत नाही. अशाच एका दुपारी त्यांनी उभ्यानं एक अर्ज लिहिला आणि आत पाठवून दिला.

"मा. मालक यांस, सविनय सादर. मागील खोलीतील यंत्र रुजू झाल्यापासून अविश्रांत बसत असून त्यास जेवणाची सुट्टी देण्यात आलेली नाही, ही बाब खेदाने निदर्शनास आणून देत आहे. तरी सदर यंत्रास रोज दुपारी तासभर उभे राहण्याची मुभा द्यावी. त्या वेळेत कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून अर्जदार त्याच्या जागी विनामोबदला बसण्यास तयार आहे. अर्जदारास हलवून उठवू नये, ही नम्र विनंती."