घरगुती झेब्रा

समोरच्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे रस्ते खात्याने मारलेले नाहीत, हे अख्ख्या गल्लीत एकट्या बाबांनाच ठाऊक नव्हतं. आणि नेमके तेच त्या पट्ट्यांवर पडले.

आता प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावत, "मी पट्ट्यांवरच होतो हां. चूक त्या गाडीवाल्याची." बाबांची उभी हयात बस चालवण्यात गेली होती. पट्टे दिसले की ब्रेकवर पाय, मग मागचे कितीही हॉर्न मारोत. त्यामुळे जगातला यच्चयावत ड्रायव्हर पट्ट्यांशी थांबतो, अशी त्यांची ठाम समजूत.

सून हे ऐके आणि काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर पडे. पहिला ब्रश तिनेच टेकवला होता.

तिचं चष्म्यांचं दुकान घराखालीच होतं. दुकानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बाग, बागेत बाबांचे मित्र आणि त्यांचा ठरलेला बाक. रस्ता मात्र जीवघेणा. वळणावरून गाड्या सुसाट येत, फूटपाथ पार्किंगने गिळलेला, सायकलवाले जीव मुठीत धरून कडेकडेने जात. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी पुढाकार घेऊन गल्लीची समिती काढली होती. पट्टे आणि सिग्नलसाठी अर्ज झाले, सह्या झाल्या, खात्याच्या पायऱ्या झिजवून झाल्या. उत्तर ठरलेलं: "या ठिकाणी अपघाताची नोंद नाही." म्हणजे आधी कोणीतरी आडवं व्हा, मग बघू.

तोवर बाबांना रस्ता ओलांडून द्यायचं काम सुनेकडे. सकाळी न्यायचं, दुपारी आणायचं, ऊन उतरलं की पुन्हा न्यायचं. इकडे गिऱ्हाईक डोळ्यांवर काचा चढवून "आता दिसतंय... आता नाही" करत असे आणि वरून हाक येई, "अगं, येतेस ना?" ती जाई. हसत जाई. आतून मात्र वैतागलेली असे. त्या वैतागाची लाज वाटे, आणि लाज वाटली की आणखीच वैताग येई.

"खातं मारत नाही ना पट्टे? मग आपण मारू," असं समितीत तीच म्हणाली. रविवारी पहाटे, बाबा उठायच्या आत, रस्ता मोकळा बघून मास्तरांनी दोरी धरली, बेकरीवाल्याने रंग आणला. पट्टे झकास उठले. एक जरा तिरका गेला, तो बेकरीवाल्याचा.

"बघा बाबा, पट्टे आले," ते उठल्यावर तिने खिडकीतून दाखवलं. "आता तुम्हाला माझी गरज नाही."

"खात्याला अक्कल आली म्हणायची!" बाबा खूश झाले.

ती दुकान उघडायला खाली उतरली. पुढचे काही दिवस तिचं एकही गिऱ्हाईक खोळंबलं नाही.

मग एका सकाळी बाबा इकडे बघेनात की तिकडे, घरच्या अंगणात उतरावं तसे पट्ट्यांवर उतरले. वळणावरून आलेल्या गाडीने ब्रेक मारला खरा, पण उशिरा.

मास्तर भेटायला आले ते जिन्यातच थांबले. "वाईट झालं हो, ताई. पण आता नोंद तर झाली!" त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि दुःखाआडून डोकावणारा उत्साहही. "उद्या खात्याचे साहेब बाबांचा जबाब घ्यायला येतायत. पट्टे कुणी मारले, आपल्याला माहीत नाही. खात्याचेच असणार. मग सिग्नल कसा देत नाहीत ते बघू."

"आणि बाबा?"

"त्यांना वाटतं तेच सांगू देत. खोटं थोडंच बोलायचंय त्यांना?"

तेच तर. खोटं हिचं आणि तोंड बाबांचं.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी ती बाबांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, ते पट्टे मी मारले."

"कुठले?"

"रस्त्यावरचे. होतो सगळेच, पण कल्पना माझी."

बाबा हसले. "चल! चष्मे विकतेस की रस्ते बांधतेस?" मग तिचा चेहरा बघून हसू विरलं. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही एकटे गेला नसता."

बोलून गेल्यावर ते वाक्य परत गिळावंसं तिला वाटलं.

"म्हणजे मी एकट्याने जावं म्हणून," बाबा हळूच म्हणाले. "कंटाळली होतीस?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," ती म्हणाली. "कधी कधी. फार."

साहेब आले. मागोमाग मास्तर. पट्टे कुणाचे, हा प्रश्न आला तेव्हा बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "हिला विचारा."

तिने सांगितलं. आपलं एकटीचंच नाव सांगितलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"विनापरवाना खुणांमुळे अपघात. तसं लिहावं लागेल, मॅडम," साहेब म्हणाले. "पट्टे काळे करून टाकू. बाकी तुमच्या मागणीचं... बघू."

त्या 'बघू'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. उतरताना मास्तर तिच्यापाशी थांबले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "उद्याही शाळेतली पोरं इथूनच जाणार, ताई. खरं बोलून तुमचं मन हलकं झालं असेल. त्यांचं काय?"

मन हलकं झालं नव्हतं. पण तसं सांगायचं तरी कुणाला?

ती खोलीत परतली तेव्हा बाबा चुळबुळत होते.

"बाथरूमला जायचंय का, बाबा?"

"येईल तुझा नवरा ऑफिसमधून."

"त्यांना यायला संध्याकाळ होईल."

"थांबतो मी."

ती पलंगाशी खालीच बसली. खाली दुकानाची घंटी वाजली.

"गिऱ्हाईक आलंय तुझं."

"असू दे."

"जाईल दुसरीकडे."

"जाऊ दे."

घंटी पुन्हा वाजली, मग थांबली. शेवटी बाबांनी पांघरूण बाजूला केलं. हात मात्र पुढे केला नाही. तिनेच कुबडी उचलून त्यांच्या काखेशी धरली, आणि ते उभे राहीपर्यंत नजर फरशीवरून वर उचलली नाही.