पट्टी मोकळी

"आज तू चालवू नकोस. दुसरा कोणी बघेल. तू सामान बांध," रावतसाहेब गाडीच्या खिडकीशी उभे राहून हिंदीत सांगत होते. त्यांच्या मिशांवर बर्फाचे कण चिकटले होते.

"बांधलंय साहेब," देवानंद म्हणाला. "खोलीत नुसतं बसून काय करू?"

त्याने पातं खाली सोडलं आणि बर्फ हटवणारी ती अवजड गाडी धावपट्टीवर घेतली. पात्यापुढचा बर्फ गुंडाळत कडेला पडू लागला, मागे काळी ओली पट्टी दिसू लागली. आज येणाऱ्या विमानातून त्याला घरी जायचं होतं. वडील बुलढाण्याच्या दवाखान्यात होते आणि मयुरीने, त्याच्या बायकोने, फोनवर एवढंच म्हटलं होतं, "लवकर या. डॉक्टर म्हणतात, जवळच्या मानसाइले बोलावून घ्या."

हवाई दलाचा तो तळ देशाच्या उत्तर टोकाला, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला होता. दिवाळीनंतर खिंड बंद झाली की रस्ता संपायचा. मग भाजी, औषध, रॉकेल, माणूस, जे काही यायचं-जायचं ते हवेतून, तेही सकाळीच. दुपारी वारा सुटला की डोंगरांतून विमान काढणं अवघड. म्हणून तळावरचा दिवस पट्टीपासून सुरू व्हायचा. पट्टी मोकळी झाली, की बाकीच्यांनी बुखारीच्या शेगडीशी हात शेकत चहा प्यायचा. पहिल्या आठवड्यात देवानंदने उघड्या हाताने गाडीचं दार धरलं होतं आणि तळव्याची कातडी दाराला चिकटून निघाली होती.

"बाबा, इथं लोखंड थंडीनं चटका देते," त्याने फोनवर सांगितलं होतं.

"आपल्या इथं उन्हानं देते," गुलाबराव हसले होते. "लोखंड तेच हाय."

गुलाबरावांनी उभं आयुष्य वरवट बकालजवळच्या जिनिंगवर कापसाचे बोरे वाहिले. कापसाची धूळ छातीत साठत गेली आणि शेवटी दमा जडला. पोरगा हवाई दलात ड्रायव्हर लागला तेव्हा त्यांना वाटलं, तो विमानच चालवतो. तसं नाही हे कळलं तरी त्यांचा उत्साह कमी झाला नाही. संध्याकाळी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज पट्टी साफ केली काय बे? कितीक इमानं उतरले?" आणि सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर ते लोकांना सांगायचे, "माह्या पोरानं झाडल्याबिगर इमान जमिनीले पाय लावत नाही."

पट्टी मोकळी झाली. विमान उतरलं. सामान खाली आलं आणि जाणारे लोक चढले. सुट्टीवर निघालेले दोन जवान, पायाची बोटं गोठलेले दोन आजारी, आणि देवानंद. इंजिनं चालूच होती. एवढ्यात तळाची रुग्णवाहिका पट्टीच्या कडेने वेगात आली.

आत खालच्या गावातली एक बाई होती. पहिलटकरीण. आदल्या संध्याकाळपासून कळा देऊन अडलेली. गावकऱ्यांनी तिला बर्फातून खाटेवर घालून तळावर आणलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, इथे काही करता येणार नाही, खाली मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता. मी सोबत येते.

त्या उंचीवर हवा विरळ असते. विमान मोजकंच वजन घेऊन उठतं. स्ट्रेचर, बाई, डॉक्टर, ऑक्सिजनची नळकांडी. रावतसाहेब विमानात चढले. त्यांनी काही बोलायच्या आत दोन्ही जवान पिशव्या घेऊन उतरले. तरी एका माणसाचं वजन जास्त होत होतं. साहेबांनी आजाऱ्यांकडे पाहिलं, त्यांना उतरवणं शक्यच नव्हतं. मग त्यांची नजर देवानंदवर आली आणि लगेच वळली.

"तू बस," ते म्हणाले. "तू वडिलांसाठी चाललायस. तुला कोणी उतर म्हणणार नाही. डॉक्टर मागे राहतील."

"अन् वाटेत काही झालं तर?"

खाली स्ट्रेचरवरची बाई आता ओरडतही नव्हती. डोळे उघडे ठेवून नुसती आभाळाकडे पाहत होती. तिचा नवरा तिचे पाय स्वतःच्या कोटाने झाकत होता. त्याला तर सोबत येताही येणार नव्हतं.

देवानंदने पट्टा सोडला, पिशवी उचलली आणि तो खाली उतरला. स्ट्रेचर चढवताना एक कोपरा त्यानेच धरला.

विमान डोंगराआड गेल्यावर तो टेलिफोनच्या खोलीत गेला. मयुरीचा फोन गुलाबरावांनीच उचलला. ती खाली औषधं आणायला गेली होती आणि आई, जनकाबाई, कपडे पिळायला.

"बाबा..."

"बसला काय इमानात?" एकेक शब्दाला दम लागत होता.

देवानंदला आधी वाटलं, विमान आलंच नाही असं सांगावं. पण या माणसाशी तो कधी खोटं बोलला नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं. बाई, डॉक्टर, वजन, आपण उतरलो ते.

मग गुलाबराव म्हणाले, "बरं केलं. थे नाही थांबू शकत. मी थांबतो."

"उद्या येतो बाबा. उद्याच्या इमानानं."

"हो. अन् तुह्या मायले सांगजो नोको. भांडन थे." ते हसले की खोकले, हे देवानंदला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ बंद झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही. देवानंद रोज पहाटे उठून पट्टी साफ करायचा, आणि ती मोकळी होईपर्यंत पुन्हा पांढरी व्हायची. रावतसाहेबांनी त्याला थांबायला सांगितलं, रागावूनही पाहिलं. तो ऐकत नव्हता. फेऱ्या मारत राहायचा. त्यातल्याच एका फेरीत साहेब स्वतः बर्फातून चालत पट्टीवर आले आणि हात वर करून त्यांनी गाडी थांबवली. ते चालत येताना दिसले तेव्हाच देवानंदला कळलं.

त्याने इंजिन बंद केलं. स्टेअरिंगवर डोकं टेकलं. साहेब वर चढून शेजारी बसले, आणि बर्फाने काच झाकली जाईपर्यंत दोघंही तिथेच बसून राहिले.

शेगावला रेल्वेतून उतरून, एसटी धरून तो वरवट बकालला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात मंडप घातला होता. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी गुलाबरावांचा फोटो होता, मतदार कार्डावरून मोठा केलेला, थोडा अस्पष्ट.

जनकाबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही की दूरही केलं नाही. "आला काय," एवढंच म्हणाल्या. गुलाबराव गेले त्या दिवसापासून त्या रडल्या नव्हत्या, हे मयुरीने त्याला हळूच सांगितलं. झोपतही नव्हत्या. भिंतीला टेकून बसायच्या, कोणी आलं की उठून पाणी द्यायच्या.

"काय करते गड्या, इमानच नाही आलं त," जिनिंगवरचे गुलाबरावांचे सोबती कडूबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मंडपातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. देवानंद खाली बघत राहिला.

सकाळी वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. देवानंद मंडपवाल्याला बांबू काढू लागला. त्याचा फोन घरात वाजला. जनकाबाईंनी उचलला. पलीकडे हिंदी बोलणारा माणूस होता, देवानंदचा साहेब.

"माताजी, आपके बेटे ने उस दिन जो किया, हम सब को याद रहेगा," रावतसाहेब म्हणाले. "जहाज़ में बैठ चुका था. उस बहन के लिए उतर गया. माँ और बच्ची दोनों ठीक हैं."

जनकाबाई फोन हातात धरून अंगणात आल्या.

"देवा. इमान आलतं?"

त्याच्या हातातला बांबू तसाच राहिला. "हो माय."

"तू बसला होता त्याच्यात?"

"हो."

"मंग उतरला काऊन? तुहा बाप दरवाजाकडं पाहू पाहू गेला अन् तू आलेल्या इमानातून उतरला?" त्यांचा आवाज चढला. मयुरी धावत बाहेर आली. "कोन लागत होती थे तुही?"

"कोनी नाही."

"अन् मले खोटं सांगतलं!"

"म्या नाही सांगतलं माय. मी काईच बोललो नाही. बाबाले मात्र सांगतलं होतं. त्याच दिवशी, फोनवर. सगळं."

जनकाबाई थांबल्या. "त्याइले? त्याइले मालूम होतं?"

"हो. म्हने, बरं केलं. थे नाही थांबू शकत, मी थांबतो. अन् म्हने, मायले सांगजो नोको. भांडन थे."

त्या ओट्यावर खाली बसल्या.

"मी पुसो त्याइले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवसातून धा खेपा पुसो, पोरगं काऊन नाही आलं म्हून. त म्हने, तिकडं लय बर्फ पडून राह्यला, इमान नाही येत, पोराचा काई दोष नाही. श्वास घेनं होत नव्हतं त्याइले. तरी प्रत्येक खेपेले सांगत." त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. "जल्मात एक गोष्ट लपवता नाही आली त्या मानसाले. बिडी वढली तरी तोंडावर दिसे. अन् हे लपवलं. मले समजू नाही देल्लं."

आणि मग त्या रडल्या. तोंडाला पदर लावून, मोठ्याने, शेजारच्या घरातून बायका बाहेर येऊन उभ्या राहीपर्यंत रडल्या. मधेच हसूही येत होतं. देवानंद त्यांच्याजवळ जाऊन बसला. मयुरीने शेजारणींना हाताने थांबवलं.

पुष्कळ वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"पोरगी झाली म्हने तिले."

"हो."

"पह्यलीच?"

"पह्यलीच."

"लय थंडी असन ना तिथं? एवढ्याशा लेकराले?"

"खाली हायत त्या आता माय, दवाखान्यात. खिंड उघडली की जातीन गावाले."

"सांग मले. कशी होती थे बाई?"

तो सांगू लागला. खाटेवरून आणलेली ती बाई, तिचे पाय झाकणारा नवरा, तिचं आभाळाकडे बघणं. मग पट्टी, बर्फ, डोंगर, वडिलांना रोज सांगायचा ते सगळं. जनकाबाई 'हं, हं' करत ऐकत होत्या. हळूहळू ते 'हं' थांबलं. त्यांचं डोकं त्याच्या दंडावर कललं होतं, तोंड किंचित उघडं पडलं होतं.

ऊन ओट्यावर सरकत आलं. मयुरी चहाचा कप घेऊन दारात आली, तेव्हा देवानंदने तिला नजरेनेच थांबवलं. दंडाला मुंग्या आल्या होत्या, पण त्याने हात हलवला नाही. मंडपवाल्या पोरांनीही उरलेले बांबू आवाज न करता, एकेक उचलून बाहेर नेले.