मास्तरांचा आवाज माझ्यापाशी होता

मी डिस्क बोलतेय. बोलणं हे खरं तर माझं काम नाही. दिलेलं सांभाळायचं आणि मागितलं की परत द्यायचं, एवढंच मला येतं. पण ज्या घरात मी राहिले, तिथे सगळं बोलण्यावरूनच घडलं, म्हणून आज चार शब्द.

माझा जन्म कारखान्यातला, जिथे धुळीचा कण चालत नाही अशा खोलीतला. पहिली नोकरी केली ती घरांचे आराखडे काढणाऱ्यांच्या कचेरीत. तिथे माणसं दिवसभर एकाच भिंतीची जागा बदलत बसायची आणि प्रत्येक वेळी नव्या आराखड्याला 'शेवटचा' असं नाव द्यायची. असे कितीतरी 'शेवटचे' माझ्या पोटात पडून होते. मग कचेरीत नवी यंत्रं आली आणि एक जुना कॉम्प्युटर आणि मी, दोघंही अडगळीत गेलो. तिथल्या एका तरुण इंजिनियरने आम्हाला उचललं आणि आपल्या आईवडिलांच्या घरी आणून शिवणाच्या खोलीतल्या फळीवर बसवलं. त्या दिवसापासून जुना कॉम्प्युटर घरचा सर्व्हर झाला, म्हणजे घरच्या फाईली सगळ्यांना पुरवणारा, आणि मी त्याला बाहेरून जोडलेली डिस्क, स्वतःचा वेगळा प्लग असलेली.

घरात माणसं मोजकी. वडील शाळेत कवायतीचे मास्तर होते. आई कपडे शिवायची. थोरली लेक नळजोडणीची कामं घेते, तिला धाकटा भाऊ, म्हणजे तोच इंजिनियर, 'ताई' म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. भाऊ लवकरच दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि सर्व्हर ताईच्या गळ्यात पडला.

मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. आख्खं मैदान एका हाकेत गप्प करणारा तो आवाज. ताईने त्यांना माझ्याशेजारी खुर्चीवर बसवून माईकसमोर वाक्यं बोलायला लावली. "चहा हवाय." "पंखा बंद करा." "ताठ बसा, पाठीला बाक नको." "डॉक्टर, तुमचं बोलून झालं का?" शेवटी स्वतःच्या हौसेखातर "रांगेत उभे राहा!" भावाने फोनवरून सांगत सगळं जुळवून दिलं. टॅबवर बटणं आली. मास्तरांनी बटण दाबलं की मी वाक्य द्यायचे आणि टॅब बोलायचा.

ऑपरेशननंतर मास्तर असेच बोलू लागले. बटण नसलेलं काही सांगायचं असेल तर दोन टाळ्या आणि खुणा. आईला हाक मारायची तरी दोन टाळ्याच, कारण बायकोच्या नावाचं बटण करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. वाक्यं सांगताना मास्तर स्वतःही ते विसरले. टाळ्या वाजल्या की आईचा चेहरा जरा उतरायचा. फळीवरून मला दिसायचं.

मग एका रविवारी टॅब मुका झाला.

झालं असं, की रविवारी आई खोली झाडायची आणि झाडताना एकूण एक प्लग उपटायची. त्या दिवशी तिने सर्व्हरचा प्लग परत लावला, पण माझ्या जागी इस्त्री लावली. शिवलेले कपडे इस्त्री करून झाले तेव्हा तिला मी आठवले आणि तिने माझा प्लग घाईत अर्धवट खुपसला. मी अर्धपोटी फिरू लागले आणि टकटक करू लागले.

मास्तर बटणं दाबत राहिले. एकही वाक्य आलं नाही. त्यांनी टॅब पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायलाही उठेनात.

ताईने भावाला फोन लावला.

"टकटक करतेय? मग ती गेलीच समज," भाऊ म्हणाला. "नवी डिस्क घे आणि बॅकअपमधून भर सगळं."

"कुठला बॅकअप?"

"तू घेतलास ना?"

"मी कशाला घेईन? तू म्हणालेलास मी बघतो."

"मी म्हणालो, बघू."

 ताई मटकन स्टुलावर बसली. "बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही," ती म्हणाली. मलाही ते तेव्हाच कळलं आणि खरं सांगते, मी घाबरले. आराखडे गेले असते तर पुन्हा काढता आले असते.

पण ताईचं एक आहे, रडायचं ते काम झाल्यावर. "नळाला पाणी नसलं की मी आधी नळ खोलत नाही," ती फोनवर म्हणाली. "आधी टाकी बघते. मग पाईप." तिने माझ्या वायरीवरून शेवटपर्यंत हात फिरवला, प्लग हलतोय हे तिच्या हाताला जाणवलं आणि तिने तो दाबून बसवला. टकटक थांबली.

पण टॅब मुकाच. तेव्हा तिने टॅब बाजूला सारला आणि थेट माझ्यातली सर्वांत मोठी फाईल उघडली, म्हणजे मी नीट वाचतेय की नाही ते कळावं. ती होती रेकॉर्डिंगच्या दिवसाची न कापलेली फाईल. खोली दणाणली. "रांगेत उभे राहा!" मास्तर पलीकडच्या खोलीतून धावत आले.

"टाकी भरलेली आहे," ताई म्हणाली. "पाईप कुठेतरी चुकतोय."

आता भावाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवला होता, जशी एका इमारतीत वेगळी बिऱ्हाडं. सर्व्हर सुरू होताना मी जाग्यावर नव्हते, म्हणून आवाजाचा प्रोग्राम मागे राहिला आणि त्याचा आतला नंबर, म्हणजे जणू बिऱ्हाडाचा खोली क्रमांक, घरच्या फोटोंच्या प्रोग्रामने घेतला. मी आल्यावर आवाजाला दुसरा नंबर मिळाला. टॅबवरची बटणं मात्र जुन्याच नंबरवर जाऊन फोटोंकडे वाक्यं मागत होती.

"माझंच चुकलं," भाऊ म्हणाला. "नंबर बदलतात. मी तिथे प्रोग्रामचं नाव लिहायला हवं होतं. नावाने हाक मारली की तो कुठेही असला तरी सापडतो."

ताईने नंबर पुसून नाव लिहिलं. मास्तरांनी जरा दबकतच बटण दाबलं. "चहा हवाय," टॅब म्हणाला. आई पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

इकडे ती मोठी फाईल चालूच राहिली होती, बंद करायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. मास्तरांचं खाकरणं, ताईचं "बाबा, परत एकदा", आणि मग स्टूल घसरल्याचा आवाज. त्या दिवशी आई वरच्या फळीवरचा दोऱ्यांचा डबा काढायला चढली होती. त्यामागोमाग मास्तरांची हाक आली, भीतीने फाटलेली, आईच्या नावाची. वाक्यं कापताना ताईने तेवढा तुकडा गोंधळ म्हणून सोडून दिला होता.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "काय हो?"

 मग आई दारात आली, हातात चमचा. मास्तर टॅबकडे बोट दाखवत ताईकडे बघू लागले. ताईने मान डोलावली. ती रडत होती, म्हणजे काम झालं होतं.

आता टॅबवर त्या हाकेचं बटण सगळ्यांत वर आहे. मास्तर कारण असो नसो ते दाबतात. ते नाव मी इथे सांगणार नाही, ते त्यांच्या घरातलं आहे.

दुसऱ्याच दिवशी नवी डिस्क आली. माझ्यातलं सगळं तिच्यात उतरवलं, एक प्रत भावाकडेही गेली. माझा प्लग काढून ताईने मला शिलाई मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनींच्या शेजारी. माझी तक्रार नाही. तुमच्या घरी कोणाचा आवाज असाच एकाच जागी पडून असेल, तर 'दुसऱ्याने प्रत घेतली असेल' असं धरून चालू नका, एवढं मात्र सांगते.

आणि मला भंगारात द्यायचं तर खुशाल द्या, पण इतक्यात नको. खणातून मला अजून ऐकू येतं. नाव घेतलं जातं, आईचा मशीनवरचा पाय थांबतो आणि ती म्हणते, "आले हो." हाक माझ्यात आहे. तिचं उत्तर माझ्यात नाही, ते मला रोज ऐकावं लागतं.